उस्तादाचा आवाज आणि न वाळलेले मोजे

पत्राचा गोषवारा: कोल्हापूर जिल्ह्यातून लिहिणाऱ्या या वाचक २७ वर्षांच्या असून शाळेत शिकवतात. गेली दोन वर्षे त्या एक कादंबरी लिहीत आहेत. खेड्यातला एक मुलगा सैन्यात भरती होतो आणि त्याच्या प्रशिक्षणाच्या महिन्यांवर ती बेतलेली आहे. तयारी म्हणून त्यांनी मिळतील तेवढे अमेरिकी आणि हिंदी चित्रपट पाहिले. तिसऱ्या प्रकरणाच्या २२ पानांत उस्ताद, म्हणजे सैन्यातला प्रशिक्षक, नवख्या मुलांवर ओरडतो, शिव्या देतो आणि एका मुलाला हेरून त्याला मोडून काढतो. नवव्या प्रकरणात तोच मुलगा रात्री उशाखालची रायफल काढतो. हस्तलिखित त्यांनी मामांना वाचायला दिले. मामा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून त्यांनी अडीच वर्षे बेळगावच्या केंद्रात उस्ताद म्हणून काढली आहेत. आठ दिवसांनी वही परत करताना ते म्हणाले, "लिवलंयस चांगलं, पण हे आमचं न्हवं." खोदून विचारल्यावर, "तिथं लिवण्यासारखं काय नसतंय गं, रोज तेच," एवढेच बोलून त्यांनी विषय बदलला. वेबमालिकांसाठी लिहिणाऱ्या एका मित्राच्या मते मात्र तिसरे प्रकरण हाच कादंबरीचा प्राण आहे आणि ते आणखी तिखट करायला हवे. वाचक विचारतात: मामा काही लपवत आहेत का? त्यांचे ऐकले तर कादंबरी मिळमिळीत होईल का? आणि छावणीत कधी पाऊल न टाकलेल्या बाईने हे लिहावेच का?

उत्तर:

तुमच्या मामांचे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. "हे खोटं आहे" असे ते म्हणालेले नाहीत, "हे आमचं न्हवं" असे म्हणाले आहेत. तुम्ही मात्र पत्रभर असे धरून चालला आहात की त्यांनी तुमचे लेखन खोटे ठरवले, आणि म्हणून एक तर ते काही झाकत असले पाहिजेत किंवा तुमचे तरी सपशेल चुकले असले पाहिजे. मला त्यांचा अभिप्राय एखाद्या मुरलेल्या समीक्षकाने द्यावा इतका नेमका वाटला. वस्तू खरी असेलही, पण ती दुसऱ्याच्या घरातून आलेली आहे, असे ते सांगत आहेत. तेव्हा उस्ताद खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो मूळचा कुठला हे पाहू.

तुम्ही सोबत पाठवलेली दोन प्रकरणे वाचताना मला त्याचा पत्ता लगेच लागला. मध्यरात्री येऊन थांबणारी बस, उतरताक्षणी कानाशी सुरू होणारा आरडाओरडा, पहिल्याच तासात उतरवलेले केस, खाटांच्या पायथ्याशी दोन रांगांत ताठ उभी मुले, प्रत्येकाला चिकटवलेले अपमानाचे टोपणनाव आणि रात्री हाताशी असलेली रायफल. हे सारे सामान अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील पॅरिस आयलंड नावाच्या बेटावरचे आहे, जिथे मरीन कोअर हे अमेरिकी सेनादल १३ आठवड्यांत आपले नवे सैनिक घडवते. बसमधून उतरणाऱ्या मुलांनी कुठे उभे राहायचे हे दाखवण्यासाठी तिथे रस्त्यावर पिवळ्या रंगात पावलांचे ठसे काढलेले आहेत. भोवती खाडीची दलदल आहे आणि हवेत चावून जीव नकोसा करणाऱ्या बारीक वाळूमाश्या.

त्या बेटावरची एक घटना इथे सांगितलीच पाहिजे, कारण तुमच्या उस्तादाच्या घराण्याची पडद्यावरची कहाणी तिथून सुरू होते. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री एका ड्रिल इन्स्ट्रक्टरने, म्हणजे तिथल्या उस्तादाने, आपल्या प्लाटूनला (तुकडीला) शिस्त लावायची म्हणून मुलांना रिबन क्रीक या समुद्राच्या भरतीचे पाणी चढणाऱ्या ओढ्यात उतरवले आणि सहा मुले बुडून मेली. त्याच्यावर कोर्ट मार्शल झाले, देशभर गदारोळ उठला, आणि इन्स्ट्रक्टरांवर अधिकाऱ्यांची देखरेख वाढवण्यात आली. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, 'द डी. आय.' हा चित्रपट आला. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका दोन्ही जॅक वेब यांची होती, मरीन कोअरचे सहकार्य होते आणि पुष्कळ भूमिकांत खरेखुरे मरीन होते. त्यातला इन्स्ट्रक्टर करडा आहे, मारलेली एक वाळूमाशी शोधण्यासाठी तो प्लाटूनला रात्री वाळूत रांगायला लावतो. पण त्याच्या आत एक काळजीवाहू बाप दडलेला आहे आणि शेवटी कच्चा मुलगा पक्का होतो. तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, स्टॅन्ली क्यूब्रिक यांचा 'फुल मेटल जॅकेट' आला. बेट तेच आणि ओरडणे आधीपेक्षा सरस; पण इथे कच्चा मुलगा मोडून पडतो, इन्स्ट्रक्टरला गोळी घालतो आणि मग स्वतःलाही.

या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात व्हिएतनाम होऊन गेले होते. सैन्याला माणसे अपुरी पडत होती म्हणून मरीनांचे प्रशिक्षण आठ आठवड्यांपर्यंत आखडले गेले, आणि १९६६ पासून संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांच्या योजनेखाली, एरवी बुद्धिमापन चाचणीत बाद झाली असती अशी तीन लाखांहून अधिक मुले अमेरिकी सेनादलांत घेतली गेली. पडद्यावरचा तो स्थूल, गोंधळलेला, उजवे-डावे न कळणारा मुलगा पाहताना तिथल्या प्रेक्षकाला आपल्या गल्लीतले असे एखादे पोर आठवणे स्वाभाविक होते. म्हणजे १९५७ चा उस्ताद ओढ्यात बुडालेल्या सहा मुलांच्या सावलीत उभा राहून देशाची समजूत काढत होता, आणि १९८७ चा उस्ताद हरलेल्या युद्धाचा जाब देत होता. छावणी कशी असते हे त्या चित्रपटांतून थोडेसे कळते. त्या त्या वेळी तो देश आपल्या युद्धाकडे कसा पाहत होता हे त्याहून पुष्कळ जास्त कळते. तुमच्या कादंबरीत आलेला उस्ताद त्या जाबाचे ओझे घेऊन आला आहे, आणि ते ओझे आपल्या मातीत कशाचे हे तुम्ही ठरवलेलेच नाही. मामांना खटकले ते हे असावे, असा माझा तर्क आहे.

आता 'फुल मेटल जॅकेट'च्या अस्सलपणाविषयी थोडे सांगतो, कारण तुमच्या मित्राला हवा असलेला तिखटपणा तिथलाच आहे. त्यातला इन्स्ट्रक्टर रंगवणारे आर. ली अर्मी साठच्या दशकात स्वतः मरीन ड्रिल इन्स्ट्रक्टर होते. चित्रपटावर ते तांत्रिक सल्लागार म्हणून आले आणि भूमिका मिळवून बसले. त्यातल्या पुष्कळशा शिव्या त्यांच्या स्वतःच्या पोतडीतल्या आहेत. तेव्हा आवाज शंभर नंबरी आहे यात वाद नाही. त्या आवाजाभोवतीची रचना मात्र पाहा. खऱ्या पॅरिस आयलंडवर एक प्लाटून एकट्या इन्स्ट्रक्टरच्या हवाली केली जात नाही. तिघाचौघांचा चमू असतो. त्यांचा प्रमुख काळा पट्टा बांधतो, आणि धाक असला तरी अडचण त्याच्याकडेच घेऊन जावी असा तो असतो. कवायतीची जबाबदारी दुसऱ्याकडे असते. सतत अंगावर धावून जाण्याचे काम बहुधा चमूतल्या सर्वांत कनिष्ठाकडे येते. पहिल्या रात्री बसपाशी ओरडणारे तर वेगळेच असतात, आणि मुलांना त्यांच्या प्लाटूनच्या हवाली केले की त्यांचे काम संपते. थोडक्यात, तिथे ओरडणे ही वाटून घेतलेली कामगिरी आहे. चित्रपटाने ही सगळी माणसे एका टोपीखाली कोंबली. गोष्ट सांगणाऱ्याला ती मुभा असते आणि क्यूब्रिक यांनी ती उत्तम वापरली. पण ती निवड त्यांनी त्यांच्या गोष्टीसाठी केली होती, आणि तुम्ही ती छावणीचा नियम समजून उचलली आहे.

तुमच्या नवव्या प्रकरणात या उसनवारीचा सर्वांत महागडा हप्ता भरावा लागला आहे. मरीन रिक्रूटची रायफल बॅरेकमध्ये त्याच्या खाटेला कुलूप घालून ठेवलेली असते, त्यामुळे तिथे निदान रायफल तरी आवाक्यात असते. आपल्याकडे ती कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा होते. सकाळी सही करून काढायची, काम झाले की साफ करून परत द्यायची, आणि कोतवरचा माणूस मोजून घेतल्याशिवाय दार बंद करणार नाही. फायरिंगच्या दिवशी तर दिलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब असतो आणि झाडलेल्या गोळीचे रिकामे खोखेसुद्धा मोजून परत करावे लागते. उशाखाली रायफल घेऊन निजणारा तुमचा मुलगा मामांनी पाहिला असेल तेव्हा त्यांनी वही मिटली नाही, हे त्यांचे तुमच्यावरचे प्रेम समजा.

पण याच हिशेबात तुमच्यासाठी एक प्रसंग पडून आहे. संध्याकाळ होत आली आहे, एक खोखे कमी भरते आहे, आणि भुकेने कासावीस झालेली मुले ओणवी होऊन गवत चाळत आहेत. उस्ताद ओरडतही नाही, नुसता घड्याळ पाहतो. ते खोखे एका मुलाच्या खिशात आहे. गावी धाकट्या भावाला दाखवायला म्हणून त्याने ते ठेवून घेतले होते, आणि आता प्रत्येक मिनिटागणिक ते बाहेर काढणे अधिकाधिक अशक्य होत चालले आहे. मला तुमच्या गोळीबारापेक्षा या खिशात जास्त नाट्य दिसते. मिळमिळीत होण्याची तुमची भीती मी म्हणूनच फारशी मनावर घेत नाही.

ओरडणे कथा-चित्रपटांना बहुधा जमते. त्यांच्या हातून निसटतो तो वेळ. गाण्याच्या पहिल्या कडव्यात मुलगा दोरावरून घसरतो, दुसऱ्यात वर चढतो आणि तिसऱ्यात खाडकन सलाम ठोकतो. तीन मिनिटांत महिने उरकतात. खऱ्या महिन्यांत मुख्यतः रांगा असतात: केस कापायची रांग, सुया टोचून घ्यायची रांग, बूट मिळायची रांग, लंगरची, म्हणजे जेवणाची, रांग. मिळालेले बूट एका मापाने मोठे निघतात आणि ते सांगायचे कुणाला हे कळेपर्यंत टाचेला फोड आलेला असतो. बेळगावच्या पावसात मोजे वाळत नाहीत. दोनच जोड असतात, आणि सकाळी पीटीला ओले घालायचे की आदल्या दिवसाचे घामेजलेले, यावर मुले गंभीरपणे विचार करतात. बिछान्याची घडी, मच्छरदाणीची घडी, ट्रंकेतल्या वस्तूंचा क्रम, पुन्हा तेच, पुन्हा तपासणी. तुमच्या मामांचे "रोज तेच" हे उत्तर टाळण्यासाठी केलेले बोलणे आहे असे तुम्हाला वाटले. मला ते प्रशिक्षणाचे बरेचसे अचूक वर्णन वाटते. कवायत रोज तीच असते याचे कारणही साधे आहे: हुकूम कानावर पडला की विचार जागा होण्याआधी अंग हलले पाहिजे, आणि अंगाला इतके शिकवायचे तर शेकडो वेळा तेच करण्यावाचून उपाय नाही. ओरडणे हे त्या पुनरुक्तीतले एक साधन आहे, मीठ म्हणा हवे तर. तुम्ही नुसते मीठ वाढले आहे.

माझा एक थोरला चुलतभाऊ ऐंशीच्या दशकात तोफखान्यात भरती झाला आणि नाशिक रोडच्या केंद्रात शिकला. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा घरातल्या कुणीही त्याला "उस्ताद कसा होता" असे विचारल्याचे मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की काकूने दुसरी भाकरी तव्यावरून काढायच्या आत त्याचे ताट रिकामे झालेले असे, आणि रिकाम्या ताटापुढे तो पाठ ताठ ठेवून, उठू की नको अशा बेतात बसलेला असे. काकू हातात भाकरी धरून त्याच्याकडे पाहत राहायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, तुझ्या मागं कोण लागलंय?" त्याला स्वतःलाही ते तेव्हाच उमगले असावे. छावणीत काय घडले ते त्या ताटावरून आम्हाला जेवढे कळले तेवढे त्याने सांगूनही कळले नसते.

तुमच्या उस्तादापेक्षा तुमच्या मुलाकडे मी अधिक गांभीर्याने पाहतो, कारण खरी उसनवारी तिथे झाली आहे. व्हिएतनाम काळातल्या अमेरिकी मुलाला छावणीतून बाहेर पडायचे होते. पुढे युद्ध होते आणि मागे सक्तीच्या भरतीचा कायदा. आपल्याकडे सैन्यभरती ऐच्छिक आहे. तुमच्या नायकाने पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावून तयारी केली असणार, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढण्यासाठी दोन वर्षे घालवली असणार, एखाद्या भरतीत काही सेकंदांनी मागे पडून घरी परतला असणार आणि पुन्हा उभा राहिला असणार. अशा मुलाला उस्तादाच्या शिवीने काय होते? फार काही नाही; शिव्या त्याने चुलत्याच्याही खाल्लेल्या आहेत. त्याचा थरकाप होतो तो घरी पाठवले जाण्याच्या कल्पनेने. पाय मुरगळला, फायरिंग जमले नाही, चाचणीत मागे पडला, तर मागच्या तुकडीत टाकतील, ज्याला तिथे 'रेलिगेट होणे' म्हणतात, आणि बरोबरची मुले पुढे जातील. गावात पेढे वाटून झालेले आहेत, कुणीतरी चौकात अभिनंदनाचा फलक लावलेला आहे, तो उतरलेलाही नाही. तुमचा नायक आजच्या काळातला असेल तर यात आणखी एक पदर मिळतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीरांना कायम होण्याची संधी. शेजारच्या खाटेवरचा जिवलग मित्र हा पहिल्या दिवसापासून स्पर्धकही आहे, आणि उस्ताद त्यांना रोज सांगतो आहे की सोबत्याला मागे टाकून पुढे जायचे नाही. तुम्ही पाठवलेल्या दोन प्रकरणांत ही भीती एकदाही आलेली नाही, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले.

भाषेचेही असेच. तुमचा उस्ताद ज्या पद्धतीने शिव्या देतो ती इंग्रजी शिव्यांची मराठी कापडात केलेली शिलाई आहे. मुलाच्या आईवरून, त्याच्या पुरुषत्वावरून, मोठमोठी अलंकारिक वाक्ये. बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, हुकूम हिंदीत असतात आणि मुले चंदगडची, पाटणची, परांड्याची. त्यांचे हिंदी शाळेत आणि चित्रपटगृहात शिकलेले. 'बाएँ मुड' ऐकून पाव सेकंद मनात भाषांतर करणारा आणि म्हणून पाव सेकंद उशिरा वळणारा मुलगा, आणि हिंदीत सुरू केलेले बोलणे रागाच्या भरात आपसूक साताऱ्याकडच्या मराठीत उतरणारा उस्ताद, हे तुम्हाला अमेरिकी चित्रपटातून कसे मिळणार? ते तुमच्या मामांच्या जिभेवर आहे. हिंदी चित्रपटही इथे फारसे उपयोगी पडणार नाहीत. नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या १९९१ च्या 'प्रहार'मधले प्रशिक्षण कसोशीने दाखवलेले आहे, परंतु ते कमांडोंचे आहे, म्हणजे आधीच सैनिक झालेल्या माणसांचे. बाकी बहुतेक चित्रपट खडकवासल्याच्या किंवा डेहराडूनच्या अकादमीतल्या कॅडेटांभोवती फिरतात. साधा रंगरूट, म्हणजे नवा भरती झालेला जवान, आपल्याकडच्या पडद्यावर क्वचितच मध्यभागी आला आहे. तुमची जागा मोकळी आहे.

आता मामांविषयी, कारण मी त्यांच्या बाजूने इतका बोललो की त्यांचा शब्द प्रमाण माना असा अर्थ तुम्ही काढाल. तसे करू नका. मामा तिथे दोनदा राहिले आहेत, आधी रंगरूट म्हणून आणि पुष्कळ वर्षांनी उस्ताद म्हणून, आणि दुसरा मुक्काम पहिल्यावर पांघरूण घालतो. ज्याने ओरडले त्याला ओरडणे आठवते ते कामाचा भाग म्हणून. ज्याने ऐकले त्याची आठवण निराळी. शिवाय ते भाचीशी बोलत आहेत, आणि आपल्याकडे काही शब्द भाचीपुढे उच्चारले जात नाहीत. रेजिमेंटविषयी परक्यासमोर वावगे बोलू नये हेही त्यांच्या हाडात मुरलेले असणार. यात लबाडी नाही, पण ते संपूर्ण चित्रही नाही.

आणि क्रौर्य घडतच नाही असेही माझे म्हणणे नाही. रिबन क्रीकनंतर साठ वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये, त्याच पॅरिस आयलंडवर पाकिस्तानी वंशाचा एक २० वर्षांचा रिक्रूट जिन्याच्या पोकळीत पडून मरण पावला. चौकशीतून बरेच काही बाहेर आले आणि रिक्रूटांचा, त्यातही मुस्लीम रिक्रूटांचा, छळ केल्याबद्दल एका ड्रिल इन्स्ट्रक्टरला २०१७ मध्ये १० वर्षांची कैद झाली. नियम कडक होते, देखरेख होती, तरी हे झाले. आपल्याकडेही शिक्षा म्हणून अंग पिळून काढण्याला असलेला 'रगडा' हा शब्द हवेतून आलेला नाही. तुम्हाला अत्याचार लिहायचा असेल तर जरूर लिहा, पण मग तो वातावरण म्हणून पसरू नका. कोणी केला, नियम काय होता, पाहणाऱ्यांपैकी कोण गप्प राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फॉल-इनमध्ये, म्हणजे हजेरीच्या रांगेत, त्याच्या शेजारी कोण उभे होते, हे लिहा. सगळेच ओरडत असतील तर नेमका गुन्हा कुणी केला ते वाचकाला दिसतच नाही. तुमच्या बावीस पानांत तो गोंगाटाखाली झाकला गेला आहे.

तेव्हा प्रत्यक्षात काय करायचे? आधी केंद्र आणि साल नक्की करा, आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'सैन्याचे प्रशिक्षण' असे सरसकट काही नसते. बेळगावचा पायदळाचा रंगरूट, खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये पूल बांधायला शिकणारा, नाशिक रोडला तोफेवर काम करणारा आणि कामठीला गार्ड्सच्या केंद्रात असलेला, यांचे दिवस सुरुवातीला सारखे असले तरी पुढे फाटे फुटतात. सालाचेही तेच: घरी पत्र पाठवणारा रंगरूट आणि आठवड्यातून एकदा मोबाइल हातात मिळणारा रंगरूट यांचे एकटेपण सारखे नसते.

मामांना "तिथे कसे होते" असे विचारणे बंद करा. त्या प्रश्नाला "रोज तेच" याशिवाय उत्तर नाही. मोजे कुठे वाळत घालायचात, पाणी किती वाजता यायचे, लंगरमध्ये काय आवडायचे, पहिल्या महिन्यात कोणता मुलगा रडला आणि तो पुढे कोण झाला, असे विचारा. त्याहून बरे म्हणजे त्यांना हाताने काही करायला लावा. बुटाला पॉलिश करताना किंवा चादरीची घडी घालताना माणूस प्रश्नाविना बोलू लागतो. त्यांच्याखेरीज आणखी निदान दोघांशी बोला: उस्ताद कधीच न झालेला एक निवृत्त जवान, आणि शक्य असेल तर प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून परत आलेला एखादा मुलगा. तो बोलायला कचरेल आणि तुम्हीही त्याला जपायचे आहे, पण तुमच्या नायकाची भीती त्याच्याजवळ आहे. सेवेत असलेल्या जवानांना मात्र केंद्रातले फोटो किंवा आतली माहिती मागू नका. त्यांच्यावर बंधने असतात आणि तुमच्या एका प्रकरणासाठी कुणी अडचणीत येऊ नये.

तिसऱ्या प्रकरणाची बावीस पाने सहावर आणून पाहा, आणि त्या उस्तादाला दोन-तीन माणसांत वाटून टाका. पीटीचा वेगळा, ड्रिलचा वेगळा, हत्याराचा वेगळा, वर प्लाटूनचे सुभेदार साहेब. कोण कशासाठी ओरडतो हे कळू लागले की वाचकाला त्यांच्यातला एखादा आवडूही लागेल, आणि मग जो वाईट आहे तो खरोखर अंगावर येईल. मित्राला हे पसंत पडणार नाही. त्याला पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक धरून ठेवायचा असतो, तो त्याचा धंदा आहे आणि त्यात गैर काही नाही. तुमच्या वाचकाने मात्र पुस्तक विकत घेतलेले आहे, तो जरा थांबेल.

छावणीत न गेलेल्या बाईने लिहावे का, याचे उत्तर मी थोडक्यात देतो: लिहावे. भरती झालेल्या मुलाच्या घरात जे उरते ते तुम्ही पाहिलेले आहे, आणि ते उस्तादाने पाहिलेले नसते. प्रशिक्षण संपताना शपथ घेण्याच्या कसम परेडला आलेल्या आईवडिलांच्या छातीवर आता गौरव पदक लावतात. पोरगा कडक गणवेशात समोर उभा आहे आणि पदराला टोचलेल्या पदकाचे ओझे होऊ नये म्हणून आई एका हाताने पदर सावरते आहे, हा क्षण रंगरुटाच्या नजरेतून लिहायचा की आईच्या, हे ठरवायला तुम्हीच योग्य आहात.

जाता जाता, याच विषयावर दुसऱ्या बाजूने येणारी पत्रेही मला मिळतात, म्हणून त्या वाचकांसाठी दोन ओळी. मुलगा केंद्रात दाखल होणार आहे आणि घरात कुणीतरी अमेरिकी चित्रपट पाहून धास्तावले आहे, असे असेल तर त्या चित्रपटावरून अंदाज बांधू नका. त्याच केंद्रातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेला गावातला एखादा मुलगा शोधा आणि त्याला जेवायला बोलवा. नंतर फोनवर मुलाचा आवाज दबलेला वाटला तर "त्रास देतात का" असे थेट न विचारता झोप, जेवण, पाय आणि सोबती यांची चौकशी करा, कारण खरी अडचण असेल तर ती बहुधा या चारांतून बाहेर पडते. दुखापत लपवू नकोस, एवढे मात्र बजावून सांगा. रेलिगेट होण्याच्या भीतीने मुले पाय सुजला तरी धावत राहतात.

तुम्ही पत्रात सहज लिहिले आहे की मामांची काळी ट्रंक माळ्यावर असून तिच्यात आता बियाणे ठेवतात. ती खाली काढा. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर अजून असेल. वही उघडू नका, रेकॉर्डिंगही लावू नका. पहिल्या दिवशी या ट्रंकेत काय काय होते आणि ते कोणत्या क्रमाने रचायचे, एवढेच त्यांना विचारा आणि शेजारी बसा. तिसरे प्रकरण त्यानंतर पुन्हा लिहून मला पाठवलेत तर आनंदाने वाचीन. बावीस पाने मात्र नकोत.